महाबळेश्वर ते म्हसवड: वंशाची रेघ कुठे मारायची?

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. वाई, कोरेगाव, दहिवडी असे पूर्वेकडे जात राहिले की पाऊस कमी होत जातो. पण ‘इथे ओला मुलूख संपला’ असे सांगणारा बांध वाटेत कुठेच लागत नाही. माणसांमधील जनुकीय फरकही बहुतांशी असेच हळूहळू बदलत जातात. म्हणूनच मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी १९६२ साली, वंश नसतात, असतात ते केवळ असे उतार, अशी मांडणी केली.

पुढे १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या १७ जनुकांवरून हिशेब केला, तेव्हा एकूण विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहातील माणसामाणसांत आढळली. रूढ वंशांमधील फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आले. संख्याशास्त्रज्ञ व जनुकशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. एकेकट्या जनुकावरून फारसे कळत नसले, तरी शेकडो जनुके एकत्र पाहिली, तर माणसाचे पूर्वज कोणत्या खंडातले हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. एखाद्या वर्षाच्या पावसाच्या आकड्यावरून गाव ओळखणे अवघड. जोडीला माती, पीक आणि उंची कळली, तर जाणता शेतकरी ते ओळखील. पण गाव ओळखता आले म्हणून जिल्ह्याचे तुकडे निसर्गानेच पाडले आहेत असे ठरत नाही, आणि माझ्या मते या वादातील सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकच मानल्याने होतो.

इथे इरावती कर्वे यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. पुढे नाझी वंशविचाराला पाठबळ देणाऱ्या या मार्गदर्शकाला अपेक्षित असलेला वांशिक भेद मोजमापांत दिसला नाही, आणि परक्या देशातील त्या तरुण विद्यार्थिनीने तसेच लिहिले.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार ‘आफ्रिकी वंशाचा’ आजार आहे, असा समज फार काळ होता. प्रत्यक्षात त्याचे जनुक हिवतापापासून काहीसे संरक्षण देते, म्हणून ते जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता तिथे टिकले. त्यामुळे ते नंदुरबार-गडचिरोलीत आढळते आणि दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांत जवळपास आढळत नाही. कराडच्या दवाखान्यात नंदुरबारकडचा एखादा मजूर सांधेदुखी आणि रक्तक्षय घेऊन आला, तर डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते ती त्याच्या मूळ गावावरून आणि घरातल्या आजारांवरून.