रेड रॉक्स : दोन कातळांमधल्या रंगमंचाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला मॉरिसन गावालगत, दोन प्रचंड तांबड्या कातळांच्या मधल्या उतारावर रेड रॉक्स हे खुले नाट्यगृह आहे. निसर्गानेच घडवलेले नाट्यगृह असे त्याचे सर्रास वर्णन होते आणि ते अर्धेच खरे आहे. क्रिएशन रॉक आणि शिप रॉक या दोन भिंती निसर्गाच्या. मधली बैठक मात्र माणसांनी घाम गाळून केलेली आहे.

मासिकांचे प्रकाशक जॉन ब्रिस्बेन वॉकर यांनी १९०६ च्या सुमारास येथे तात्पुरते व्यासपीठ उभारून मैफली भरवल्या. १९११ मध्ये ऑपेरा गायिका मेरी गार्डन येथे गायल्या. डेन्व्हर शहराने ही जागा १९२८ मध्ये विकत घेतली. पुढे शहराच्या उद्यान खात्याची सूत्रे हाती आलेल्या जॉर्ज क्रॅनमर यांच्या डोळ्यांसमोर सिसिलीतील ताओर्मिना येथील प्राचीन नाट्यगृह होते. कल्पना भव्य होती, पण काळ महामंदीचा होता. नेमक्या त्याच मंदीमुळे मजूर मिळाले. बेकार तरुणांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या योजनेतील मुलांनी १९३६ पासून पाच वर्षे सुरुंगाने खडक फोडले, दगडमाती उपसली आणि उताराला आकार दिला. महिना ३० डॉलर मजुरीपैकी बहुतेक रक्कम परस्पर घरी पाठवली जाई.

वास्तुविशारद बर्नहॅम हॉइट यांचे खरे कौशल्य त्यांच्या संयमात आहे. कातळांशी स्पर्धा करील अशी कमान वा खांब त्यांनी उभे केले नाहीत. लाकडी बाकांच्या सुमारे ७० रांगा उताराच्या वळणाने नेल्या आणि कडेला ज्युनिपरची झाडे लावली. त्यामुळे सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षकांची ही सोय नंतर केलेली आहे, हे चटकन लक्षातच येत नाही.

१५ जून १९४१ रोजी नाट्यगृहाचे रीतसर उद्घाटन झाले. बीटल्स १९६४ मध्ये येथे गायले. १९७१ मध्ये एका रॉक मैफलीच्या वेळी तिकीट नसलेला जमाव आत घुसू लागला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि त्यानंतर काही वर्षे रॉक संगीतावर बंदी आली. २०१५ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तेव्हा मजूर मुले राहत असलेली माउंट मॉरिसन छावणीही त्यात समाविष्ट करण्यात आली.