आतड्यांतील जीवाणू आणि लठ्ठपणा

माणसाच्या आतड्यांत, त्यातही मुख्यतः मोठ्या आतड्यात, वस्ती करून असणाऱ्या जीवाणूंचा शरीरातील चरबीचा साठा, रक्तातील साखरेचे नियंत्रण आणि एकूण चयापचय यांच्याशी संबंध असतो. या जीवाणूंची संख्या शरीरातील पेशींच्या दहापट असल्याचे विधान अजूनही सर्रास वाचायला मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फेरमोजणीनुसार मात्र ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असतात, आणि या सगळ्या जीवाणूंचे वजन पाव किलोसुद्धा भरत नाही.

लहान आतड्यात न पचलेले अन्न, उदाहरणार्थ भाकरीतील व उसळीतील तंतुमय भाग किंवा शिजवून थंड झालेल्या भातातील न पचणारा स्टार्च, मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील जीवाणू ते आंबवतात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. बाकीची दोन रक्तावाटे यकृताकडे जातात. एरवी वाया गेली असती अशी ऊर्जा शरीराच्या पदरात पडते ती अशी. पण हीच मेदाम्ले आतड्यातील विशिष्ट पेशींना चेतवून भूक शमवणारी जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरकेही स्रवायला लावतात, त्यामुळे जीवाणू वजन वाढवतात की आवरतात, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

या विषयाला खरी चालना मिळाली ती अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत. जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेले उंदीर भरपूर खाऊनही सडपातळ राहतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यांतील जीवाणू दिले गेले, तेव्हा खाणे कमी होऊनही १४ दिवसांत त्यांच्या शरीरातील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. दोन वर्षांनी असे दिसले की लठ्ठ उंदरांचे जीवाणू दिले तर ही वाढ अधिक होते.

२०१३ सालचा प्रयोग याहून बोलका आहे. जुळ्या बहिणींपैकी एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ, अशा चार जोड्यांची विष्ठा घेऊन ती जंतुविरहित उंदरांच्या आतड्यांत रुजवण्यात आली. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी अधिक वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले गेले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे सडपातळ बहिणीचे जीवाणू दुसऱ्या उंदरांच्या आतड्यांत शिरले आणि त्यांचे लठ्ठ होणे टळले. उलट दिशेने मात्र काही घडले नाही. पण हे संरक्षण चरबी कमी आणि तंतू अधिक असलेल्या खाद्यावरच मिळाले. संपृक्त चरबी भरपूर आणि फळे-भाज्या कमी, असे खाद्य देताच ते नाहीसे झाले. जीवाणूंची चर्चा करताना ताटाकडे दुर्लक्ष करता येत नाही, हे या प्रयोगाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

जीवाणू आणि लठ्ठपणा यांना जोडणारी दुसरी यंत्रणा दाहाची, म्हणजे शरीरातील सूजेची, आहे. बेल्जियन संशोधक पॅत्रीस कानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात जीवाणूंच्या भित्तिकेतील लायपोपॉलिसॅकराइड हे विष वाढते, त्यातून सौम्य पण सतत राहणारा दाह निर्माण होतो आणि पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत.

माणसांतील पुरावा इतका ठाम नाही. आतड्यांतील जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांपैकी फर्मिक्युटीसचे प्रमाण लठ्ठ व्यक्तींत अधिक आणि बॅक्टेरॉयडीटीसचे कमी असते, हा एके काळी गाजलेला ठोकताळा पुढच्या अनेक अभ्यासांत टिकला नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषधच आतड्यांतील जीवाणूंचा समतोल बदलते, त्यामुळे रोगाचा परिणाम कोणता आणि औषधाचा कोणता, हा घोळ सुरुवातीच्या काही निष्कर्षांत होता. ॲमस्टरडॅममध्ये चयापचयाचे विकार असलेल्या पुरुषांना सडपातळ दात्यांची विष्ठा नळीद्वारे दिल्यावर सहा आठवड्यांनी त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला मिळणारा पेशींचा प्रतिसाद, सुधारली. वजन मात्र घटले नाही, आणि नंतरच्या मोठ्या चाचणीत १८ आठवड्यांनी तो लाभही उरला नाही. २०१९ मध्ये अॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जीवाणू पाश्चरीकरण करून तीन महिने दिल्यावरही इन्सुलिन-संवेदनशीलतेत सुधारणा आढळली, पण त्या चाचणीत अवघे ३२ स्वयंसेवक अखेरपर्यंत होते. वजन उतरवण्याच्या नावाखाली बाजारात खपणाऱ्या प्रोबायोटिक (उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जीवाणूंच्या) भुकट्यांचे दावे या पुराव्याच्या कितीतरी पुढे धावतात.

शिवाय यातील बहुतेक मापे युरोप-अमेरिकेतील माणसांवरून ठरलेली आहेत. धान्य-कडधान्यांवर भर असलेल्या भारतीय आहारात प्रिव्होटेला या जीवाणूचे प्राबल्य वारंवार आढळते. भारतीयांचे वजन कमी असूनही चरबी अधिक असू शकते, हे पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका छायाचित्रासह मांडले: त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.