पवनचक्क्यांनी पाऊस पळतो का? आणि विचारायला हवेत असे दुसरे प्रश्न

डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या येणार असं कळलं की सातारा-सांगलीकडच्या गावांत हमखास उठणारा सवाल पावसाचा असतो. पाती ढग पांगवतात, पाऊस पळवून लावतात, असं ठामपणे सांगणारी माणसं भेटतात. त्यांना अडाणी म्हणून गप्प करणं मला पटत नाही, कारण त्यांनी पाहिलेलं खरं आहे. पाटणजवळच्या वनकुसवड्याला, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच, २००३च्या सुमारास, पूर्वेकडचे माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके दुष्काळात होरपळले. पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी मनात जोडल्या जाणारच.

आता हिशेब करून पाहू. बाष्पाचं पाणी होताना किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक चौरस किलोमीटरवर फक्त एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते दहा लाख किलो पाणी झालं. ते तयार होताना सुटलेली ऊर्जा जवळजवळ सात लाख युनिट भरते. तेवढी वीज द्यायला एक मेगावॉटच्या पवनचक्कीला साधारण चार-पाच महिने लागतात. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पावसामागच्या ऊर्जेपुढे पवनचक्की हवेतून घेते ती ऊर्जा नगण्य आहे.

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, ढग उतरतात आणि पाती त्यात दिसेनाशी होतात, हे खरंच. पण पाती ढवळतात तो थर जमिनीलगतचा, शंभर-दीडशे मीटरचा. पाऊस देणारे ढग त्याच्या वर काही किलोमीटरपर्यंत चढलेले असतात. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा घाट चढतो, गार होतो, पश्चिमेला रिता होतो आणि पूर्वेला उतरताना कोरडा पडतो. माण-खटाव या पर्जन्यछायेत आहेत. १९७२च्या दुष्काळात तिथे एकही पवनचक्की नव्हती.

हवेवर काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. पाती रात्री वरची उबदार हवा खाली आणतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ साली हे दाखवण्यात आलं: पवनचक्क्यांखालची जमीन रात्री आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उबदार राहते. परिणाम मोजता येतो, पण तो लहान आणि त्या जागेपुरता असतो.

पावसाच्या या वादात खरा बदल दुर्लक्षित राहतो. तो चाळकेवाडीच्याच पठारावर मोजला गेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. हे पक्षी कमी झाले म्हणून गळ्याचा पंखा फुलवणारे सरडे वाढले. ते माणसाला कमी बुजू लागले. पण गर्दीमुळे खाण्यासाठी चुरस वाढली, सरडे रोडावले आणि नरांच्या गळ्याचे झगझगीत रंग फिके पडले. उंचावर फिरणाऱ्या पात्यांचा परिणाम दगडाखालच्या सरड्याच्या अंगावर दिसावा, हे मला थक्क करतं आणि अस्वस्थही करतं.

सड्याचा प्रश्नही तसाच. जांभ्या दगडावर मातीचा थर इंचाइंचाचा असतो, त्यात पावसाळी फुलं तगतात. अवजड पाती चढवायला रुंद रस्ते कापले की पाण्याची वाट बदलते आणि ती पूर्ववत होत नाही.

आवाजाची तक्रारही रास्त आहे. दिवसा वाऱ्यात आणि वर्दळीत तो विरून जातो. रात्री गाव शांत झालं की पात्यांची लयबद्ध घरघर ठळक ऐकू येते. केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारायची नाही.

पवनऊर्जा मला हवी आहे. कोळसा जाळण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, त्या यादीत पवनचक्क्या नाहीत. म्हणून ना हरकत दाखल्याच्या आधीच ग्रामसभेने विचारावं: सगळ्या ऋतूंत पक्ष्यांची पाहणी झाली का? रस्ता सड्याच्या कोणत्या भागातून जाणार? सर्वांत जवळचं घर किती मीटरवर आहे? रात्रीचा आवाज कोण मोजणार? आणि पंचवीसेक वर्षांनी यंत्रं थकली की ती उतरवून नेण्याचा खर्च कोणाच्या नावावर लिहिला आहे?