पैसे घ्यायला पिन लागत नाही
"क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील." यूपीआय २०१६ साली आलं आणि ही थाप गेली कित्येक वर्षं चालूच आहे. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढा, असा फोन आलाच समजा! यूपीआय पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायला बँकेला दिलेली परवानगी. (शिल्लक बघतानाही तो लागतो.) पैसे येताना परवानगी कसली? कोपऱ्यावरची भाजीवाली दिवसभर पैसे घेते. हात मेथीच्या जुडीत, मोबाइल पिशवीत, आलेली रक्कम स्पीकरचा डबाच बोलून सांगतो. स्कॅन गिऱ्हाईक करतं, पिनही तेच टाकतं. समोरचा स्वतःला फौजी म्हणवो नाहीतर बँकेचा साहेब, फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून कळवा.