कंबरदुखी: कळ कुठे सरकतेय ते पाहा

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला, रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर तसाच पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेली, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे नको त्याच अवस्थेत. काही मिनिटांनी पाहिलं तर उपचारांना दाद न देणारं पायातलं दुखणं गेलं होतं. त्यातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिचा गाभा एका निरीक्षणात आहे: दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठे सरकतंय ते पाहायचं.

पोटरीत उतरलेली कळ मांडीत, मग कुल्ल्यात, मग कमरेच्या मध्यावर आली तर ती सुधारणा, मग कंबर तेवढ्यापुरती जास्त का दुखेना. उलट कळ खाली पावलाकडे निघाली किंवा मुंग्या वाढल्या, तर ती हालचाल तिथेच थांबवायची.

करायचं असं. जमिनीवर चटई टाकून पालथं झोपा, दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा. मग कोपरं टेकून छाती उचला, पुन्हा तेवढाच वेळ. हे सोसलं तर तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत धड वर न्या, एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. सकाळी एकदाच पन्नास वेळा उरकून उपयोग नाही. चूक बहुधा एकच होते: कुल्ले आवळले जातात आणि ओटीपोट जमिनीवरून सुटतं. जोर हातांचा, कंबर झोळीसारखी सैल. वर गेल्यावर श्वास पूर्ण सोडला की ती आपोआप खाली बसते. आणि हे करून उठल्यावर लगेच पोक काढून भाजी निवडत बसलात, तर मणक्यांमधली गादी पुन्हा मागच्या बाजूला, नसांकडे दाबली जाते.

साठीपुढच्या ज्या माणसांचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, त्यांच्यासाठी मात्र हा व्यायाम नाही. त्यांच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते, मागे वाकल्यावर ती आणखी आवळते. त्यांनी उताणं झोपून गुडघे छातीकडे घ्यावेत.

एमआरआयची घाई बहुतेकांना लागत नाही. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र पाहणाऱ्या २०१५ च्या आढाव्यात गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या ९६ टक्के लोकांत दिसली होती. अहवालातला ‘बल्ज’ (गादी जराशी बाहेर फुगलेली) वाचून घाबरण्यापेक्षा खरी धोक्याची चिन्हं ओळखा: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, जांघेत-गुदद्वाराभोवती बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. यात तासभरही न दवडता इस्पितळ गाठावं. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयही तपासावा लागतो.

आठवडाभर पडून राहणं, वजन लावून ताण देणं, महिनोन्‌महिने पट्टा बांधणं यावर भरवसा ठेवू नये. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये ताण आणि पट्टे देऊच नयेत असं सांगितलं. फळीवर झोपायचा आग्रहही सोडावा. मध्यम कडक गादी बरी. शेक मात्र खुशाल घ्यावा, पंधरा-वीस मिनिटं, पिशवीला टॉवेल गुंडाळून. मधुमेहात त्वचेला संवेदना कमी असेल तर आधी दुसऱ्याच्या हाताने ऊब तपासून घ्यावी, नाहीतर भाजल्याचं फोड आल्यावरच कळतं.

मानेसाठीही तीच कसोटी: कळ हातातून मानेकडे यायला हवी. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी सरळ मागे न्या, जणू गळ्याला दुहेरी हनुवटी आणायची आहे. दोन-तीन सेकंद, दहा वेळा. डोकं खाली झुकलं तर चुकलं. कुशीवर झोपताना उशी खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढीच जाड हवी.

सलूनमध्ये दाढीनंतर मान कडाकड मोडून घेणं मात्र बंदच करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण न्हाव्याला ‘फक्त मालिश, मोडायची नाही’ एवढं सांगितलं की तेवढाही धोका उरत नाही.