किमान आधारभूत किंमत

किमान आधारभूत किंमत म्हणजे बाजार पडला तरी ज्या दराने शेतमाल खरेदी करण्याची तयारी भारताचे केंद्र सरकार हंगामाआधी जाहीर करते तो दर. बोलीभाषेत याला हमीभाव म्हणतात. शब्द मात्र फसवा आहे, कारण या दरामागे केंद्रीय कायदा नाही. सरकारने खरेदी केली तरच तो पदरात पडतो. उसाचे तसे नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याला रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) द्यावाच लागतो, आणि तोही ऊस दिल्यापासून १४ दिवसांत.

अन्नधान्याच्या किमतींवर नेमलेल्या १९६४ च्या एल. के. झा समितीनंतर १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला गेला. १९८५ पासून तो कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणून ओळखला जातो. पहिला दर १९६६-६७ साठी गव्हाचा होता. आज खरिपाची १४, रब्बीची ६, शिवाय ताग आणि खोबरे अशा २२ मालांना दर ठरतो. आयोग फक्त शिफारस करतो, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा असतो.

वाद खर्चाच्या व्याख्येचा आहे. ‘ए२’ मध्ये बियाणे, खते, मजुरी, डिझेल, खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड असा प्रत्यक्ष खर्च येतो. घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरले की ‘ए२+एफएल’ होतो. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज चढवले की ‘सी२’. २०१८-१९ पासून सरकार ‘ए२+एफएल’च्या किमान दीडपट दर देते, शेतकरी संघटना ‘सी२’च्या दीडपट मागतात. त्यातही हिशेब देशभराच्या भारित सरासरीचा असतो. ज्या राज्यात एकरी उतारा कमी तिथे क्विंटलमागे खर्च जास्त बसतो, त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याचे ‘दीडपट’ कागदावरच राहते.

खरी परीक्षा खरेदी केंद्रावर होते. महाराष्ट्रात आधी सातबारा, पीकपेरा, आधार आणि बँक पासबुक देऊन नोंदणी करायची, मग मोबाइलवर संदेश आला की माल न्यायचा. जिल्ह्याच्या हेक्टरी उत्पादकतेप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल घेत नाहीत. केंद्रावर चाळणी, काडीकचरा, डागी दाणे आणि ओलावा तपासतात. सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. १६ टक्के ओलाव्याचे २० क्विंटल सोयाबीन वाळवून १२ वर आणले तर वजन साधारण १९.०९ क्विंटल भरते, म्हणजे ९१ किलो पाणी उडून जाते. ढगाळ हवेत पोती दोनदा पसरायची आणि दोनदा भरायची, त्याची हमाली वेगळी. म्हणून मीटरवर १४-१५ आकडा दिसला की बरेच जण ट्रॅक्टर तसाच व्यापाऱ्याकडे वळवतात.

केंद्र उशिरा उघडणे, बारदाना (रिकामी पोती) संपणे, गोदाम भरलेले असणे आणि चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) लांबणे ही बाकीची दुखणी. मळणी होताच दिवाळी आणि रब्बीच्या पेरणीसाठी रोकड लागते. लहान शेतकरी महिनाभर थांबू शकत नाही. त्याचा माल व्यापाऱ्याकडे जातो, आणि पुढे दुसऱ्याच कोणाच्या सातबाऱ्यावर तोच माल केंद्रावर आल्याच्या तक्रारीही होतात. खंडाने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, तो बहुधा दारातच अडतो. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने २०१५ मध्ये नोंदवले होते की सरकारी यंत्रणांना माल विकणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के आहेत.

दर २२ मालांना असला तरी मोठी आणि नियमित खरेदी मुख्यतः भात आणि गव्हाची होते, कारण रेशनसाठी तेच धान्य लागते. पंजाबात हक्काचे गिऱ्हाईक आणि फुकट वीज एकत्र आली, तिथे भाताने भूजल उपसले. राज्याने २००९ मध्ये कायदा करून लावणी १० जूनपर्यंत रोखली. पाण्याची निकड थोडी कमी झाली, पण कापणी पुढे सरकून गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळे करायला फार थोडे दिवस उरले, आणि धस्कटे पेटवण्याचे प्रमाण ऐन हिवाळ्याच्या तोंडाशी आले. शेतकऱ्याला नुसते ‘पीक बदला’ म्हणून भागत नाही. डाळी-तेलबियांना तशीच खात्रीची खरेदी लागते. पण या पिकांबाबत सरकारने एका हाताने दर वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने आयात मोकळी ठेवायची असे चालते. तुरीची आयात मे २०२१ मध्ये मुक्त केली आणि पुढे मुदत वाढवत नेली.

केंद्राच्या २०१८ च्या ‘पीएम-आशा’ योजनेत डाळी, तेलबिया व खोबऱ्याची प्रत्यक्ष खरेदी आणि तेलबियांना हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक रोख देणे हे दोन मुख्य मार्ग आहेत. फरक देण्याचा प्रयोग मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये ‘भावांतर’ नावाने केला होता. गोदाम आणि बारदान्याचा खर्च त्यात वाचतो. मात्र ठरावीक मुदतीतच विक्री धरली जात असल्याने सगळा माल एकदम बाजारात आला आणि व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याची ओरड झाली. शिवाय फरक प्रत्येकाच्या पट्टीवरून (विक्रीच्या पावतीवरून) नव्हे तर बाजारांच्या सरासरी दरावरून काढला जातो, त्यामुळे सरासरीखाली विकणाऱ्याला हमीभावाइतके पैसे मिळत नाहीत.