कारात्सुचा चावान: पाहावा कसा, वापरावा कसा

आपण घेतलेला हा चहाचा वाडगा, म्हणजे चावान, जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतातल्या कारात्सु इथे घडला आहे. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1592 ते 1598 या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या. तेव्हा तिथून आणलेल्या कुंभारांमुळे इथला धंदा भरभराटीला आला. पायाने फिरवायचं चाक आणि डोंगरउतारावर चढत जाणारी भट्टी ही त्यांचीच विद्या. पुढे ती मागे पडली. विसाव्या शतकात इथलेच कुंभार नाकाझातो मुआन यांनी जुन्या भट्ट्यांजवळची खापरं अभ्यासून ती पुन्हा उभी केली.

चावान हातात घेण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. डावा तळवा बुडाखाली, उजवा हात बाजूला. जमिनीवर किंवा टेबलापाशी बसून, फार उंच न उचलता पाहा. काठावरून बोट फिरवलंत की तो किंचित वर-खाली लागेल. बाहेरच्या अंगावर गवताच्या पात्यासारखे दोन-तीन तपकिरी फटकारे आहेत. लोहयुक्त रंगाने ते आधी काढतात आणि वरून राखेची झिलई, म्हणजे काचेसारखा थर, चढवतात.

मग हलकेच पालथा करा. आमच्या मते कारात्सुची परीक्षा इथेच होते. बुडाच्या कडीला झिलई नाही, उघडी माती दिसते. माती अर्धवट वाळलेली असताना कुंभाराने ती तासली, तेव्हा भरड कण ओढले जाऊन बारीक चुण्या पडल्या. जाणकार वाडगा उलटून आधी त्याच पाहतात.

झिलईवरच्या केसासारख्या रेषा म्हणजे तडे नव्हेत. भट्टीतून निघाल्यावर थंड होताना माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून त्या उमटतात. वापराने त्यांत चहा मुरतो, रंग गडद होतो. कारात्सुचे लोक म्हणतात, दहांत आठ वाटे घडवणाऱ्याचे, उरलेले दोन वापरणाऱ्याचे. तेव्हा डाग पडला म्हणून घासू नका. तो आपला वाटा आहे.

दर वेळी चहा करण्याआधी चावान कोमट पाण्यात भिजवा. नंतर नुसत्या पाण्याने धुवा. साबण, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर नको. सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर आणखी एखाददोन दिवस. ओलसर चावान पेटीत ठेवला तर बुरशी धरते आणि तो वास जाता जात नाही.